चॅथमची गोदी : चारशे वर्षांचं काम आणि त्यातलं काय उरलं



आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हांला दोघातिघांचे फोन आले. तत्त्वज्ञानाच्या माणसाने जहाजांच्या गोदीवर काय बोलायचं, असा एकूण सूर. प्रश्न रास्त आहे. आम्ही जन्मभर कांट आणि न्यायदर्शन शिकवलं. जहाजातलं आम्हांला फारसं कळत नाही. पण आमचे वडील, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, मुंबईच्या नौदल गोदीत सुतार होते. सकाळी डबा घेऊन लायन गेटमधून आत जायचे, संध्याकाळी बाहेर यायचे. आत काय चालतं, हे त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, हे जास्त खरं. ते गेल्यावर त्यांची हत्यारांची पेटी आमच्याकडे आली. वाकस, पटाशा, गिरमिट, दोन रंधे. पुढे आम्ही घर बदललं तेव्हा ती पेटी भंगारवाल्याला दिली. नव्या घरात पुस्तकांना जागा होती, पेटीला नव्हती.

काही वर्षांनी मुलीकडे लंडनला गेलो असताना एक दिवस आम्ही चॅथमला गेलो. तिथे एका काचेच्या कपाटात भाऊंच्या वाकसाचा जुळा भाऊ ठेवलेला होता. दांड्याला घामाने आलेली तीच काळी झिलई. आम्ही त्या कपाटासमोर बराच वेळ उभे राहिलो. एकीकडे ही वस्तू काचेत जाते आणि दुसरीकडे भंगारात, हे कोण ठरवतं, हा प्रश्न तिथून डोक्यात बसला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे, एवढंच समजा.

चॅथम कुठे, तर लंडनच्या पूर्वेला सुमारे ५० किलोमीटरवर, केंट परगण्यात, मेडवे नावाच्या नदीकाठी. ही नदी वळणंवळणं घेत थेम्सच्या मुखाजवळ समुद्राला मिळते. दोन्ही काठांना चिखल, भरती-ओहोटी मोठी. आपल्या कोकणातल्या खाड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे चित्र लगेच समजेल. मोठं गलबत ओहोटीला चिखलावर बसवायचं, बुडाचं काम करायचं, भरतीला पुन्हा तरंगवायचं. वादळ इथवर पोचत नाही आणि ओकची जंगलं जवळच. १५४७ मध्ये इंग्लंडच्या आरमारासाठी इथे गोदाम भाड्याने घेतल्याची नोंद आहे. शाही गोदी म्हणून स्थापनेचं वर्ष १५६७ धरतात, म्हणजे पहिल्या एलिझाबेथ राणीचा काळ. ३१ मार्च १९८४ ला गोदी बंद झाली. चारशे सतरा वर्षं. या काळात इथे चारशेहून जास्त जहाजं बांधली गेली. त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे नेल्सनचं ‘व्हिक्टरी’.

‘व्हिक्टरी’बद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण त्यावरून त्या काळचं जहाज बांधणं म्हणजे काय याचा अंदाज येतो. २३ जुलै १७५९ ला जहाजाचा तळाचा कणा ठेवला. ७ मे १७६५ ला ते पाण्यात तरंगलं. मधली सहा वर्षं सगळी काही कामाची नव्हती. सांगाडा उभा करून तो तसाच उघड्यावर ठेवला होता, लाकूड मुरावं म्हणून. सुमारे सहा हजार झाडं लागली असं सांगतात, बहुतेक ओकची. एक गोष्ट गोदीत अजून सांगतात: जहाज गोदीतून बाहेर काढायच्या आदल्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं की गोदीचा दरवाजा जहाजापेक्षा काही इंचांनी अरुंद आहे. मग गोदीतल्या सुतारांनी वाकस घेऊन दरवाजाचं लाकूड तासून काढलं आणि दुसऱ्या दिवशी जहाज सुखरूप बाहेर पडलं. एवढं सगळं झाल्यावर ते जहाज १७७८ पर्यंत मेडवेत नुसतं बांधून ठेवलेलं होतं. सरकारी काम म्हणजे सरकारी काम, कुठल्याही शतकातलं असो.

ही गोदी म्हणजे त्या काळातला इंग्लंडमधला एक मोठ्यात मोठा कारखाना. आपण कारखाना म्हटलं की कापडाची गिरणी आठवतो, वाफेचं इंजिन आठवतो. पण त्याच्याही आधी शेकडो माणसं एका घंटेला कामावर येतात, एका घंटेला सुटतात, हजेरी लागते, कामाची वाटणी असते, वरिष्ठ-कनिष्ठांची उतरंड असते, हे सगळं सरकारी गोद्यांत होतं. आणि कामगार-मालक यांचे झगडेसुद्धा होते. त्यातला एक आम्हांला फार आवडतो, तो म्हणजे ढलप्यांचा.

जहाजाचं लाकूड तासताना ढलपे पडतात. हे ढलपे घरी न्यायचा गोदीतल्या सुतारांना हक्क होता. जळण म्हणून. पगार वेळेवर मिळायचा नाही, कधी कधी महिनोन्‌महिने थकायचा, त्यामुळे हा हक्क म्हणजे पगाराचाच एक भाग. आता माणसाचं डोकं कसं चालतं बघा. तीन फुटांहून लांब तुकडा न्यायचा नाही असा दंडक होता. तेव्हा दिवसाच्या शेवटी चांगल्या लाकडाचे बरोबर तीन फुटांचे तुकडे पडायला लागले! अधिकाऱ्यांनी नियम करायचे, सुतारांनी त्यातून वाट काढायची, हे दीडशे-दोनशे वर्षं चाललं. अखेर १८०१ मध्ये ढलपे बंद झाले आणि त्याबद्दल रोख भत्ता सुरू झाला. इतिहासकार याला चोरी म्हणतात, काही जण हक्क म्हणतात. आमच्या भाऊंची गेटवर रोज झडती होत असे. त्यामुळे आम्ही कुठल्या बाजूचे आहोत हे सांगायला नको.

पगार थकवण्याची किंमत मात्र एकदा फार जबर मोजावी लागली. १६६७ साल. दुसऱ्या चार्ल्सच्या सरकारकडे पैसे नव्हते. खलाशांना नाण्यांऐवजी चिठ्ठ्या दिल्या जात होत्या, की पुढे कधीतरी या वटवून घ्या. काटकसर म्हणून मोठी जहाजं मेडवेत नांगरून ठेवली होती, शिडं उतरवून, माणसं कमी करून. जून महिन्यात डच आरमार थेट नदीत शिरलं. नदीवर आडवी लोखंडी साखळी टाकली होती, ती ओलांडून आत आलं, जहाजं जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ हे राजाच्या नावाचं जहाज ओढत हॉलंडला घेऊन गेलं. त्या जहाजाच्या पिछाडीचं कोरीवकाम आजही ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये लावलेलं आहे. म्हणजे चॅथमच्या सर्वांत मोठ्या नामुष्कीचं स्मारक परदेशात आहे. वारसा हा शब्द आपण सहज वापरतो. पण एकाच लाकडी फळीला एका देशात विजयचिन्ह म्हणतात आणि दुसऱ्यात तिचा विषय काढत नाहीत, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता या गोदीच्या मुख्य दरवाजाकडे येऊ. आम्हांला तिथे जो धक्का बसला तो तुम्हांला सांगायचा आहे.

दरवाजातून आत शिरल्याबरोबर एक प्रचंड लाकडी मुंडकं दिसतं. रंगवलेलं, लांब नाकाचं. पूर्वीच्या युद्धनौकांच्या नाळेवर असा पुतळा बसवलेला असे. हा पुतळा ‘वेलस्ली’ नावाच्या नौकेचा. वेलस्ली म्हणजे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला आर्थर वेलस्ली. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तोच. आणि ही चौऱ्याहत्तर तोफांची नौका बांधली कुठे? चॅथमला नव्हे, मुंबईत. १८१५ मध्ये. बांधणारे होते जमशेदजी बमनजी वाडिया आणि त्यांच्या हाताखालचे शेकडो कारागीर. लाकूड मलबारचं सागवान. ही नौका पुढे प्रशिक्षणाचं जहाज झाली, नाव बदललं, थेम्समध्ये नांगरून पडली आणि १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बने बुडाली. सव्वाशे वर्षांचं सागवान, दुसऱ्या महायुद्धाच्या विमानहल्ल्यात. तिचं मुंडकं तेवढं वाचलं आणि ते आता चॅथमच्या दारात पहाऱ्याला बसलंय.

भाऊ ज्या गोदीत काम करत होते, त्याच गोदीत ही नौका झाली. आम्हांला हे माहीत नव्हतं. भाऊंना माहीत होतं का? आता विचारणार कुणाला.

तेव्हा मुंबईची गोष्ट थोडक्यात सांगतो आणि मग चॅथमकडे परत येतो. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे. १७३६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना काही सुतारांसह मुंबईला आणलं. १७५० मध्ये मुंबईत सुकी गोदी तयार झाली, म्हणजे अशी दगडी खोली की जहाज आत घ्यायचं, दरवाजा लावायचा, पाणी काढायचं आणि बूड कोरडं करून दुरुस्त करायचं. पूर्वेच्या समुद्रात इंग्रजांना जो वरचष्मा मिळाला त्यात या खोलीचा मोठा वाटा आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांच्या संमतीने इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथे जळालं. आपल्याकडे या प्रसंगावर शंभर वर्षं वाद चालू आहे, पेशव्यांचं चुकलं की आंग्र्यांचं. तो वाद आज काढायचा नाही. पण एक गोष्ट बघा. त्याच वर्षी, पुढच्याच महिन्यात, चॅथमला ‘नामुर’ नावाची नव्वद तोफांची नौका पाण्यात उतरली. ‘नामुर’ची गोष्ट आपण शेवटाकडे पाहणार आहोत. आंग्र्यांच्या ज्या गुराबा आणि गलबतं जळाली, त्यांच्या सांगाड्याचा एक तुकडाही कुठल्या दालनात नाही. विजयदुर्गाजवळ गिर्ये गावी खाडीकाठी खडकात कोरलेली गोदी तेवढी शिल्लक आहे. जागा आहे, पण तिथे काय, कुणी, कसं बांधलं याची वही नाही.

मुंबईच्या गोदीतून मात्र नौका बाहेर पडत राहिल्या. १८१० मध्ये डंकन गोदी पुरी झाली आणि त्याच वर्षी ‘मिंडेन’, ब्रिटिश बेटांच्या बाहेर बांधलेली ब्रिटिश नौदलाची पहिली मोठी, रांगेत उभं राहून लढणारी युद्धनौका. मग १८१३ ला ‘कॉर्नवॉलिस’. तिच्याच डेकवर १८४२ मध्ये चीनशी नानकिंगचा तह झाला, ज्यात हाँगकाँग इंग्रजांना मिळालं. १८१७ ला ‘ट्रिंकोमाली’, १८२१ ला ‘गँजेस’, १८२४ ला ‘एशिया’. यांतली ‘ट्रिंकोमाली’ आजही तरंगते आहे. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला. ब्रिटिश युद्धनौकांतली अजून पाण्यावर असलेली सर्वांत जुनी नौका म्हणून लोक तिकीट काढून तिला बघतात. सागवानाचं कौतुक असं की त्यातल्या तेलामुळे कीड-कुज लागत नाही आणि लोखंडी खिळे गंजत नाहीत. ओकमधल्या आम्लाने खिळा खाल्ला जातो.

जमशेदजींच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात. १८०० मध्ये बांधलेल्या एका जहाजाच्या आत, तळाच्या तुळईवर, त्यांनी गुपचूप कोरून ठेवलं होतं की हे जहाज एका ‘काळ्या हरामखोराने’ बांधलं. साहेब लोक येता-जाता जो शब्द वापरत तोच. कित्येक वर्षांनी ते जहाज दुरुस्तीला परत आलं, त्याचं सगळीकडे कौतुक झालेलं, तेव्हा त्यांनी ती अक्षरं दाखवली म्हणे. शब्दशः खरी असो-नसो, जहाजाच्या पोटात, जिथे फक्त दुसऱ्या सुताराचीच नजर जाईल तिथे सही करायची ही कल्पना आमच्या मनातून जात नाही. मात्र जमशेदजींना निदान नाव होतं. त्यांच्या हाताखाली लाकूड ओढणारे, तासणारे, खिळे ठोकणारे, फटींत कापूस आणि डांबर भरणारे लोक कोण होते? त्यांची नावं वाचायला मिळत नाहीत.

आता परत चॅथम. १८३८ मध्ये वाडिया घराण्यातले दोन तरुण, जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी, जहाजबांधणी शिकायला मुंबईहून इंग्लंडला गेले आणि चॅथमच्या गोदीत राहिले. अडीच वर्षांनी त्यांनी आपल्या मुक्कामाचं पुस्तकही लिहिलं, १८४१ मध्ये छापलं गेलं. पारशी पोशाखातल्या या दोघांना बघायला गर्दी जमायची. ज्या घराण्याने इंग्रज नौदलाला इतक्या नौका बांधून दिल्या त्या घराण्यातली मुलं चॅथमला शिकायला का गेली? कारण वाफ. वारा आणि शीड यांचं शास्त्र वाडियांना तोंडपाठ होतं, पण आता जहाजात बॉयलर बसणार होता. त्याच वर्षी चॅथमला तीन नंबरच्या स्लिपवर, म्हणजे जहाज बांधायच्या उतरत्या ओट्यावर, प्रचंड लाकडी छप्पर उभं राहिलं. ते छप्पर आजही आहे. आतून वर पाहिलं तर जहाज उलटं टांगल्यासारखं वाटतं, कारण बांधणारे शेवटी जहाजाचेच सुतार. हे दोघे पारशी तरुण आले तेव्हा त्या लाकडाला अजून ताजा वास असणार. पुढे याच घराण्यातले अर्देशीर करसेटजी १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले, असा मान मिळवणारे पहिले भारतीय.

म्हणजे विद्येचा ओघ दोन्ही बाजूंनी होता. पण शेवट दोन्हीकडे सारखा झाला नाही. वाफेपाठोपाठ लोखंड आलं. १८६० च्या दशकात चॅथमला ‘अकिलीज’ ही लोखंडी चिलखती युद्धनौका बांधली गेली, सरकारी गोदीत बांधलेली अशी पहिलीच. तेव्हा एक मोठा पेच उभा राहिला. लाकूडकाम करणाऱ्या सुतारांचं काय करायचं? लोखंडासाठी बाहेरून लोहार, बॉयलर बनवणारे आणले होते. त्यांनी १८६२ मध्ये काम बंद केलं. गोदीच्या अधिकाऱ्यांनी मग सुतारांनाच लोखंड शिकवलं. पिढ्यान्‌पिढ्या वाकस चालवलेल्या माणसांनी लोखंडी पत्रे वाकवले, रिव्हेट मारले, आणि ‘अकिलीज’ पुरी केली. संपवाल्यांच्या बाजूने पाहिलं तर ही गद्दारी. सुतारांच्या बाजूने पाहिलं तर जगण्याची धडपड. आम्ही इथे निवाडा देणार नाही, कारण दोन्ही बाजूंना घरी पोरंबाळं होती.

मुंबईला ही उडी मारता आली नाही. खरं म्हणजे मारू दिली गेली नाही. लोखंड, कोळसा, यंत्रं, सगळं इंग्लंडमध्ये, आणि पैसे देणारं गिऱ्हाईकही इंग्लंडमध्ये. १८४८ ला ‘मियानी’ ही शेवटची मोठी युद्धनौका मुंबईत पाण्यात उतरली. त्यानंतर गोदी राहिली ती मुख्यतः दुरुस्तीची. चॅथमचा विस्तार मात्र होत गेला. १८६२ पासून वीसेक वर्षं खपून खाडी बुजवून तीन मोठे जलाशय बांधले, त्यातलं मातीकाम आणि विटाकाम मोठ्या प्रमाणावर कैद्यांकडून करून घेतलं. चार्ल्स डिकन्सचं लहानपण याच गावात गेलं, वडील गोदीतल्या पगार कचेरीत कारकून. त्याच्या कादंबऱ्यांतल्या दलदली आणि तरंगते तुरुंग इथलेच.

विसाव्या शतकात चॅथमने पाणबुड्या बांधल्या. पहिली १९०८ मध्ये. ब्रिटिश नौदलासाठीची शेवटची ‘ऑसेलॉट’, १९६२. ती आता तिथल्याच सुक्या गोदीत आहे. आत शिरून पाहता येते. आमच्या वयाच्या माणसाने गुडघ्यांचा विचार करून शिरावं, दारं गोल आणि चिंचोळी आहेत. १९६६ मध्ये कॅनडासाठी ‘ओकानागन’ उतरली आणि जहाजबांधणी संपली. नंतर अणुपाणबुड्यांची दुरुस्ती चालू होती. जून १९८१ मध्ये संरक्षणमंत्री जॉन नॉट यांनी गोदी बंद करायचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी फॉकलंडचं युद्ध झालं, आणि ज्यांना घरी बसायचं ठरलेलं होतं त्याच कामगारांनी राखीव जहाजं युद्धासाठी तयार करून दिली. निर्णय काही बदलला नाही. हजारो माणसांचं काम गेलं. मेडवेकाठच्या गावांत एकेका घरात बाप, आजा, पणजा गोदीतलेच होते; मुलगा शाळा सोडला की गोदीची उमेदवारीची परीक्षा देणार हे ठरलेलं. ती साखळी एका मार्च महिन्यात तुटली. गिरणगावात राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे साल १९८२, त्यांच्याकडे १९८४.

त्यानंतर जे झालं त्याची गिरणगावाशी तुलना मात्र जरूर करा. गोदीचा मोठा हिस्सा घरं, विद्यापीठं, व्यापारी बंदर यांना गेला. पण जुना, अठराव्या शतकाचा भाग, सुमारे ८० एकर, एका विश्वस्त संस्थेच्या ताब्यात दिला गेला. इमारती पाडायच्या नाहीत, ओस ठेवायच्या नाहीत, वापरायच्या. काही घरांत लोक भाड्याने राहतात, काहींत कचेऱ्या, मधूनमधून सिनेमे-मालिकांचं चित्रीकरण. शुद्धतावादी मंडळींना हे आवडत नाही. आम्हांला त्यात गैर काही दिसलं नाही. छपराची दुरुस्ती भाड्यातून निघते.

आणि एका इमारतीत मूळचंच काम चालू आहे. ती म्हणजे दोरखंडाचा कारखाना.

ही इमारत १७८० च्या दशकात बांधायला घेतली. लांबी ३४६ मीटर. एका सरळ रेषेत, एकच दालन, टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस ठिपक्याएवढा. एवढी लांबी का? कारण दोर वळायचा म्हणजे सूत आधी ताणून पसरावं लागतं, आणि वळताना ते आखडतं. जहाजाच्या नांगराला सलग, बिनजोड दोर हवा. जेवढा दोर लांब त्याहून बरीच मोठी खोली पाहिजे. ‘व्हिक्टरी’सारख्या एका जहाजाला सगळा मिळून चाळीस-पन्नास किलोमीटर दोर लागायचा. पूर्वी वाख बाल्टिक समुद्राकडून यायचा. वाख विंचरायचा, सूत काढायचं, डांबरात बुडवायचं, सुतांचे पेड करायचे, तीन पेडांचा दोर. प्रत्येक पायरीला पीळ आधीच्या उलट दिशेने, म्हणजे एकाची सुटायची ओढ दुसऱ्याला घट्ट धरते. आमच्या लहानपणी कोकणात काथ्याचा सुंभ असाच वळताना पाहिलाय, फक्त तो अंगणात मावायचा.

नौदलाच्या दोरात एक रंगीत सूत मुद्दाम घातलेलं असे. चोरीचा दोर बाजारात आला की पेड उसवायचा, आत ते सूत दिसलं की कळलं, माल सरकारी आहे. प्रत्येक कारखान्याचा रंग वेगळा. इंग्रजीत त्याला बदमाशाचं सूत अशा अर्थाचं नाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूत काढायच्या यंत्रांवर बायका आल्या, त्यांत खलाशांच्या विधवा पुष्कळ. पुरुष कामगारांशी गाठ पडू नये म्हणून त्यांना वेगळं दार, वेगळा जिना. हे सगळं सांगणारे मार्गदर्शक असतात, पण आम्ही गेलो त्या दिवशी आमचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. दालनात दोघे-तिघे कामगार खरंच दोर वळत होते. विकायला. गिऱ्हाइकाची मागणी होती, तारीख गाठायची होती. यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. एक जण सायकलवर बसून दालनाच्या त्या टोकाला गेला, पेड तपासून परत आला. आमच्यासाठी नव्हे, इतकं अंतर चालत कोण जाणार म्हणून.

तत्त्वज्ञानात आम्ही ज्ञानाचे दोन प्रकार शिकवत असू. अमुक आहे हे जाणणं, आणि अमुक कसं करायचं हे जाणणं. पहिलं लिहून ठेवता येतं. दुसरं हातात असतं, आणि ते दुसऱ्या हातात जायला दोन्ही हात एका खोलीत, एका कामावर लागतात. वर्गात आम्ही हे सायकलचं उदाहरण देऊन सांगायचो. चॅथमच्या त्या दालनात ते आम्हांला पहिल्यांदा समजलं असं म्हटलं तरी चालेल. पेडाला पीळ पुरा बसला की नाही हे तो माणूस नुसता अंगठा फिरवून ओळखत होता. त्याच्या शेजारी विशी-बाविशीची एक मुलगी, उमेदवार. तिने अंगठा फिरवला, मान हलवली, त्याने नाही म्हटलं, तिने पुन्हा फिरवला. काचेतला वाकस आम्हांला रडवून गेला हे खरं. पण तो वाकस आता कुणाला काही शिकवणार नाही.

आता ‘नामुर’. १९९५ मध्ये चाकं बनवणाऱ्या कारागिरांच्या जुन्या इमारतीची फरशी दुरुस्तीसाठी उकलली. जमिनीचे थर काढता काढता खाली जहाजाची लाकडं लागली. शेकडो, नीट रचून ठेवलेली. पुढे बऱ्याच वर्षांच्या अभ्यासाने ती ‘नामुर’ची ठरली. १७५६ ची, आपण मघाशी पाहिली ती. हे जहाज चॅथमलाच बांधलं आणि १८३३ मध्ये चॅथमलाच मोडलं. गुलामगिरीतून सुटून आत्मचरित्र लिहिणारा ओलाउदा इक्वियानो त्यावर होता. जेन ऑस्टिनचा भाऊ चार्ल्स त्यावर कप्तान होता. लाकडं ओळखता आली ती कशावरून? सुतारांनी तासताना केलेल्या खुणांवरून, आणि गोदीच्या कागदपत्रांवरून. मोडलेल्या जहाजाचं लाकूड फरशीखाली कुणी एवढं नीट का रचलं असेल, हे लिहिलेलं नाही. काटकसर म्हणून, असं आपण म्हणू शकतो. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ते बांधलं त्यांनाच मोडायला लागलं आणि जळणात घालवेना म्हणून, असंही म्हणू शकतो. आमचा कल दुसरीकडे आहे, पण तो आमचा कल झाला.

मुंबईची गोदी चालू आहे. नौदल ती वापरतं, डंकन गोदीत आजही जहाजं येतात. चालू आहे म्हणूनच ती बंदिस्त आहे; तिथे तिकीट काढून जाता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. चॅथम बंद पडली म्हणून उघडी झाली. मुंबईची उघडी नाही म्हणून लायन गेटवरून रोज जाणाऱ्या लाखो लोकांना माहीत नाही की त्या भिंतीपलीकडे ‘ट्रिंकोमाली’ झाली. पण नौदलाच्या भिंती अडवत नाहीत अशी पुष्कळ कामं आपल्या हाती आहेत. निवृत्त गोदी कामगार मुंबईत, कोकणात आहेत, सत्तरी-ऐंशीचे. गुप्ततेचं काही विचारू नका. लाकूड कसं निवडायचे, पहिल्या दिवशी कुणी काय शिकवलं, कुठल्या हत्याराला काय म्हणायचे, एवढं विचारा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. मालवण-वेंगुर्ल्याकडे लाकडी होडी बांधणारे सुतार अजून आहेत. त्यांच्याकडे आराखड्याचा कागद नसतो, सगळं माप हातात. फायबरच्या होड्या आल्यापासून त्यांच्याकडची पोरं दुसऱ्या धंद्याला लागली आहेत. त्यांच्याकडे जा. आम्ही दोघांकडे जाऊन आलो. एकाने वाकस दाखवला आणि विचारलं, धरून बघताय का? धरला. भाऊंनी लहानपणी एकदा हातात दिला होता आणि लगेच काढून घेतला होता, पाय तोडून घेशील म्हणून. हे तिथे आठवलं, पन्नास-साठ वर्षांनी, त्या वजनाने.

चॅथमच्या दुकानात दोर मीटरवर विकत मिळतो. आमच्या सौ.नी तीन मीटर घेतला. तो आता घरात आमच्या नातवाच्या झोपाळ्याला आहे. एका टोकाला पेड थोडा सुटलाय, त्याला सुतळी गुंडाळायची राहिली आहे.